गुपित परवडणारी माणसं

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं नाटककार ऑस्कर वाइल्डला लायब्ररीचं कार्ड परत दिलं. १८९५ साली पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दल शिक्षा झाल्यावर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयानं त्याचं नाव वाचकांच्या यादीतून काढून टाकलं होतं. १३० वर्षांनी नवं कार्ड छापून ते त्याच्या नातवाच्या हाती ठेवलं गेलं. फोटो आले, कौतुक झालं. मलाही बरं वाटलं. पण हातातला चहा संपेपर्यंत मनात एक किरकिर सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

किरकिर अशी, की कार्ड परत मिळायला आधी कार्ड असावं लागतं. वाइल्डच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला आणि त्याच दिवशी तेवढीच दोन वर्षांची सक्तमजुरी घेऊन गेलेला आल्फ्रेड टेलर नावाचा एक माणूस होता. वाइल्डविरुद्ध साक्ष दिली असती तर तो सुटला असता. त्यानं दिली नाही. त्याला आता कुणी काय परत करायचं?

आमच्या एम.ए.च्या वर्गात वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ होतं. सर रंगून शिकवायचे, संवाद म्हणून दाखवायचे. लेखकाच्या चरित्रापाशी आले की मात्र एकच वाक्य: “पुढे काही खासगी अडचणींमुळे त्यांना कारावास भोगावा लागला.” मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं. सरांनी ऐकलं आणि पान उलटलं. म्हणजे हसणाऱ्याला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं आणि हसणाऱ्याला ठाऊक आहे हेही सरांना ठाऊक होतं. पुढे व्हिक्टोरियन इंग्लंडबद्दल वाचायला लागलो तेव्हा वाटलं, त्या काळातला ‘छुपेपणा’ मी आधीच पाहिलेला आहे. तो अंधाराचा प्रकार नव्हता. सगळ्यांनी मिळून पान उलटण्याचा होता.

या छुपेपणाला हल्ली फार रोमँटिक रंग दिला जातो. कोटाला खुणेचं हिरवं कार्नेशनचं फूल, कवितेत ग्रीक देव, मित्राला लिहिलेलं सूचक पत्र, आणि आपण हुशार वाचक ते सगळं उलगडत बसलोय. त्यात मजा आहे, नाही असं नाही. पण माझं म्हणणं असं, की गुप्तता ही त्या काळात भाड्यानं मिळणारी वस्तू होती. ज्याला भाडं परवडलं त्याचं आयुष्य साहित्याच्या इतिहासात गेलं आणि ज्याला परवडलं नाही त्याचं पोलिसांच्या दप्तरात. आज आपण जे गौरव करतो, माफ्या देतो, कार्डं परत करतो, तेही बहुतेक पहिल्या गटालाच पोचतं.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या दोन वर्षं आधी, १८३५ मध्ये, लंडनच्या एका मॅजिस्ट्रेटनं गृहमंत्र्याला पत्र लिहिलं. हेन्स्ली वेजवुड त्याचं नाव. चार्ल्स डार्विनचा मामेभाऊ, आणि पुढे मेहुणाही. जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ या दोन गरीब माणसांना त्यानंच अशाच संबंधांच्या आरोपावरून खटल्यासाठी वर पाठवलं होतं आणि त्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. दोघांबद्दल त्याला काडीचं प्रेम नव्हतं, पत्रात तो त्यांना अधःपतित म्हणतो. पण न्यायबुद्धी शाबूत होती. त्यानं लिहिलं, की या गुन्ह्यात कुणाचंही नुकसान होत नाही. थोडा खर्च केला की तो इतक्या खासगीत करता येतो की सिद्ध होणंच अशक्य. फाशीच्या गुन्ह्यांपैकी श्रीमंत माणसं करतात असा हा एकच, आणि श्रीमंतांना त्यासाठी कधी शिक्षा होत नाही.

थोडा खर्च म्हणजे काय, तर खोलीचं भाडं. प्रॅट आणि स्मिथनं ते वाचवलं. ब्लॅकफ्रायर्स रोडजवळ विल्यम बॉनिल नावाच्या म्हाताऱ्या भाडेकरूच्या खोलीत ते भेटले. घरमालकाला संशय आला. त्यानं आधी शेजारच्या तबेल्यावर चढून खिडकीतून डोकावून पाहिलं, मग खाली येऊन कुलपाच्या भोकाला डोळा लावला, मग त्याच्या बायकोनंही लावला. त्या भोकातून दिसलेल्या दृश्यावर दोन माणसं फासावर गेली. बॉनिल घरातसुद्धा नव्हता, तो बाहेर गेला होता आणि परतला तो बियरचा जग घेऊन. त्याला चौदा वर्षांची हद्दपारी झाली. ऑस्ट्रेलियाच्या टोकाला टास्मानियात तो वारला. त्या सुमारास फाशी सुनावलेल्या बाकी सगळ्यांची शिक्षा कमी झाली, या दोघांची तेवढी झाली नाही. २७ नोव्हेंबर १८३५ ला न्यूगेट तुरुंगाबाहेर त्यांना लटकवलं. या गुन्ह्यासाठी इंग्लंडमध्ये झालेली ही शेवटची फाशी. कायद्यातून मृत्युदंड निघायला १८६१ साल उजाडलं.

मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या वाचकाला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जावं लागतं आणि तिथेही हवालदार येऊन काठी आपटतो, हे आपण पाहिलेलं आहे. एकांत ही ऐपतीची गोष्ट असते, हे आपल्याकडे चाळीतलं पोरही सांगेल. इंग्रजी साहित्यावर लिहिणाऱ्या विद्वानांना ते का दिसत नाही कोण जाणे.

आता थोडं उलट बाजूनं. हे जग नुसतं भेदरलेलं होतं असं मानणंही चूक आहे. मँचेस्टरच्या ह्यूम भागात सप्टेंबर १८८० मधल्या एका शुक्रवारी रात्री जे चाललं होतं ते बघा. टेम्परन्स हॉल, म्हणजे दारूबंदीवाल्यांचं सभागृह. ते भाड्यानं घेतलं होतं ‘सावकारी दुकानांतल्या नोकरांची संघटना’ या नावानं. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. दारावर ख्रिस्ती जोगिणीच्या, म्हणजे ननच्या, वेशात एक पुरुष उभा. आत यायचं तर परवलीचा शब्द सांगायचा, ‘सिस्टर’. आत सत्तेचाळीस पुरुष, त्यातले जवळपास निम्मे बायकी पोशाखात. आणि वाद्य वाजवायला आणलेला माणूस आंधळा, म्हणजे त्यानं काही पाहिलं असं उद्या कोर्टात म्हणायची सोय नाही! या आंधळ्या वादकाशी मी नेहमी अडखळतो. केवढा विचार केला होता त्यांनी, आणि त्यात केवढा मिश्कीलपणा. जेरोम कॅमिनाडा नावाचा डिटेक्टिव्ह शेजारच्या छपरावरून कागदाच्या फटीतून पाहत बसला होता. पहाटे एकच्या सुमाराला त्यानं दारावर जाऊन आवाज बारीक करून ‘सिस्टर’ म्हटलं, दार उघडलं आणि पोलीस आत घुसले. ही मंडळी कोणी लॉर्ड नव्हती. मँचेस्टर आणि शेफील्डची साधी कामधंदा करणारी माणसं होती. त्यांना कोर्टानं जामिनावर ‘नीट वागू’ असं लिहून घेऊन सोडलं. पण नावं वर्तमानपत्रांत छापून आली होती, तेव्हा त्यापुढे नोकऱ्यांचं काय झालं असेल याचा अंदाज करता येतो.

याच्या बाजूला लंडनची फॅनी आणि स्टेला ठेवा. फ्रेडरिक पार्क आणि अर्नेस्ट बोल्टन ही त्यांची खरी नावं. रेशमी झगे घालून हे दोघे थिएटरांत बॉक्स घेऊन बसायचे, बर्लिंग्टन आर्केडमधून फिरायचे, बोटींच्या शर्यतीला जायचे. वर्षानुवर्षं लोक पाहत होते. २८ एप्रिल १८७० ला स्ट्रँड थिएटरबाहेर पोलिसांनी पकडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच झग्यात कोर्टात उभं केलं. बोल्टनबरोबर नवराबायकोसारखा राहणारा लॉर्ड आर्थर क्लिंटन, माजी खासदार, खटला उभा राहण्याआधीच वारला. कारण दिलं गेलं स्कार्लेट फीवर. त्याला आलेली पत्रं भर कोर्टात वाचली गेली. त्यातल्या एकात पार्क लिहितो, की माझे ‘कॅम्पिश’ उद्योग सध्या हवे तसे यशस्वी होत नाहीयेत. आज जगभर चालणारा ‘कॅम्प’ (मुद्दाम केलेला नखरेल, बायकी नाटकीपणा) हा शब्द या अर्थानं कागदावर भेटतो तो इथे, एका पोराच्या तक्रारीच्या सुरात. १८७१ मध्ये ज्युरीनं तासाभराच्या आत दोघांना निर्दोष ठरवलं. पार्कचे वडील न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, बोल्टनचे वडील शेअरदलाल, आणि बोल्टनच्या आईनं साक्ष दिली ती अशी गोड की कोर्ट विरघळलं. एवढ्या चांगल्या घरातली मुलं तसलं काही करतील हे मान्य करण्यापेक्षा ‘नाटकाचा नाद, पोरकटपणा’ म्हणणं सगळ्यांना सोयीचं होतं. पान उलटलं.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८७३ मध्ये, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतल्या एका मुतारीत दोन माणसं पकडली गेली. एक सिमियन सॉलोमन, त्या वेळचा नावाजलेला चित्रकार, कवी स्विनबर्न आणि समीक्षक वॉल्टर पेटरचा मित्र. दुसरा जॉर्ज रॉबर्ट्स, साठीचा निरक्षर मोतद्दार. दोघं एकाच जागी, एकाच आरोपाखाली. सॉलोमन नातेवाइकाच्या हमीवर सुटला. रॉबर्ट्स दीड वर्षाच्या सक्तमजुरीला गेला. सॉलोमनची पुढे धूळधाण झाली हे खरं. स्विनबर्ननं तोंड फिरवलं, चित्रं कुणी घेईना, दारूत बुडाला आणि १९०५ मध्ये निराधारांच्या ‘वर्कहाउस’मध्ये मेला. ती शोकांतिका कलेच्या इतिहासात नोंदलेली आहे, त्याच्यावर प्रदर्शनं भरतात. रॉबर्ट्सचं पुढे काय झालं हे कुणी विचारलंच नाही. साठीच्या मोतद्दाराला दीड वर्ष सक्तमजुरी म्हणजे काय याचा हिशोब वाचकानं आपला आपण करावा.

१८८५ च्या कायद्यानं सगळं बदललं असं म्हणतात. ते अर्धं खरं आहे. मूळ विधेयक होतं मुलींच्या संरक्षणाचं, कोवळ्या वयातल्या मुलींचा वेश्याव्यवसाय थांबवायचं. ६ ऑगस्टच्या रात्री उशिरा, सभागृह रिकामं होत आलेलं असताना, हेन्री लाबूशेर या खासदारानं त्यात एक कलम घुसवलं: दोन पुरुषांमधलं ‘घोर असभ्य वर्तन’, मग ते चारचौघांत असो वा खासगीत, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. या वर्तनाची व्याख्या कुठेच नाही. आधीच्या कायद्याला ठोस कृतीचा पुरावा लागायचा. आता एखादं पत्र, एखादी भेटवस्तू, नोकराणीनं पाहिलेली चादर, एवढंही पुरायला लागलं. (बायकांचा त्यात उल्लेख नव्हता. राणीला असलं काही बायका करतात हे पटलंच नाही म्हणून वगळलं, ही गोष्ट चवीनं सांगितली जाते. निव्वळ दंतकथा आहे. बायकांचा विचार करायची तसदीच कुणी घेतली नव्हती.)

म्हणजे ज्याच्याकडे खोली होती त्याच्या खोलीतही आता एक भोक पडलं. आणि त्या भोकाला डोळा लावून बसायला पोलीस नव्हे, ब्लॅकमेल करणारे आले. या कायद्याला ‘ब्लॅकमेलवाल्यांची सनद’ असं नाव पडलं ते उगाच नाही.

साहित्याशी खरा दुवा मला इथे दिसतो. त्या काळच्या गोष्टींत ‘समलिंगी प्रेम कुठे लपलंय’ हे शोधत बसण्यापेक्षा भीती कशाची आहे ते पाहावं. कायदा होऊन पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, जानेवारी १८८६ मध्ये, स्टीव्हन्सनची ‘डॉ. जेकिल अँड मि. हाइड’ आली. भूत-राक्षस बाजूला ठेवून पहिली पानं वाचा. प्रतिष्ठित अविवाहित डॉक्टर. त्याच्या घराच्या मागच्या दाराची किल्ली एका हलक्या दिसणाऱ्या तरुणाकडे. डॉक्टर त्याला चेक देतो, मृत्युपत्रात सगळी इस्टेट त्याच्या नावावर करतो. मित्र काय समजतात? एनफील्ड त्या दाराच्या घराला सरळ ‘ब्लॅकमेल हाउस’ म्हणतो आणि जास्त चौकशी न करणं हा आपला नियम आहे असंही सांगून टाकतो. जेकिल ‘तसा’ होता असा माझा दावा नाही, मला त्यात रसही नाही. मुद्दा असा, की १८८६ चा मध्यमवर्गीय वाचक मागचं दार, तरुण पोरगा आणि चेक या तीन गोष्टी एकत्र पाहून मनात काय समजायचा हे लेखकाला पक्कं ठाऊक होतं. त्या समजुतीवर त्यानं गोष्टीचा पाया घातला.

मग १८८९ चा जुलै. लंडनच्या मध्यवर्ती टपाल-तार कचेरीत किरकोळ चोरीचा तपास चालू होता. चार्ल्स स्विन्स्को नावाच्या पंधरा वर्षांच्या तार पोचवणाऱ्या पोराच्या खिशात त्याच्या पगाराच्या मानानं भलतेच पैसे सापडले. चोरलेस का? नाही म्हणाला. कुठून आले? १९, क्लीव्हलँड स्ट्रीट. तिथे चार्ल्स हॅमंड नावाचा माणूस घर चालवायचा आणि तार पोचवणारी पोरं तिथे उमराव गिऱ्हाइकांसाठी पाठवली जायची.

पंधरा वर्षांची पोरं. इथे पुरोगामी लेखक घाईघाईनं पुढे जातात, मी जाणार नाही. हे शोषण होतं. गणवेशातली, आठवड्याला काही शिलिंग मिळवणारी पोरं आणि राजवाड्यात वावरणारी गिऱ्हाइकं यांच्यात ‘प्रेम’ शोधायला जाणं मला झेपत नाही. पण ज्यांना हे शोषण वाटतं त्यांनी पुढे कायद्यानं काय केलं तेही बघावं. लॉर्ड आर्थर सॉमरसेट, युवराजाच्या घोड्यांची व्यवस्था पाहणारा, त्याला सटकायला भरपूर वेळ मिळाला. तो फ्रान्समध्ये जाऊन राहिला आणि १९२६ मध्ये अंथरुणात मेला. हॅमंड पळाला. सक्तमजुरीला गेले कोण, तर पोरांना आणणारा हेन्री न्यूलव्ह, चार महिने, आणि हॅमंडचा जोडीदार जॉर्ज व्हेक, नऊ महिने. पोरांच्या नोकऱ्या गेल्या. सॉमरसेटचा वकील त्या पोरांना देशाबाहेर पाठवायच्या खटपटीत सापडला, त्याला सहा आठवड्यांची कैद. आणि उमरावांची नावं छापणारा संपादक अर्नेस्ट पार्क याला अब्रुनुकसानीबद्दल एक वर्ष. सगळ्यांत जास्त शिक्षा वाचा फोडणाऱ्याला! राणीचा नातू प्रिन्स आल्बर्ट व्हिक्टर याचंही नाव कुजबुजीत होतं. पुरावा काही नाही. गंमत एवढीच, की लंडनमध्ये हे शिजत असताना, त्याच नोव्हेंबरात, स्वारी मुंबई बंदरात उतरून हारतुरे स्वीकारत होती.

पुढच्या वर्षी ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ मासिकात आली तेव्हा ‘स्कॉट्स ऑब्झर्व्हर’च्या परीक्षणात लिहिलं होतं, की परागंदा उमराव आणि बिघडलेली तारेची पोरं यांच्यासाठीच लिहायचं असेल तर मिस्टर वाइल्ड यांनी शिंपीकाम पत्करलेलं बरं. क्लीव्हलँड स्ट्रीटचं नाव काढलेलं नाही. गरजच नव्हती. वर्गात मागच्या बाकावर खुसकन हसावं तसं ते वाक्य आहे.

त्याच कादंबरीत एक प्रसंग आहे. खून केल्यावर प्रेताची विल्हेवाट लावायला डोरियनला ॲलन कॅम्पबेल हा जुना मित्र हवा असतो. कॅम्पबेल नाही म्हणतो. डोरियन एका कागदावर काहीतरी लिहितो, घडी घालतो आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवतो. कॅम्पबेल वाचतो, पांढराफटक पडतो आणि काम करायला तयार होतो. कागदावर काय होतं ते वाइल्ड कधीच सांगत नाही. शंभर सांकेतिक फुलांपेक्षा हा घडी घातलेला कागद मला त्या काळाबद्दल जास्त सांगून जातो. आणि ‘अर्नेस्ट’मध्ये नायकाचं दुहेरी आयुष्य कशानं उघडं पडतं? सिगारेट केसवर कोरलेल्या मजकुरानं. १४ फेब्रुवारी १८९५ ला प्रेक्षक त्या सिगारेट केसला खदखदून हसले. दोन महिन्यांच्या आत वाइल्डनं पोरांना भेट दिलेल्या चांदीच्या सिगारेट केसा कोर्टात पुरावा म्हणून निघाल्या.

वाइल्ड तर श्रीमंत होता, प्रसिद्ध होता, मग तो कसा अडकला, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. तो अडकला कारण त्यानं खेळाचा नियम मोडला: पान उलटायचं सोडून त्यानं ते कोर्टात मोठ्यानं वाचायला दिलं. वाइल्डचा प्रियकर लॉर्ड आल्फ्रेड डग्लस, त्याच्या बापानं क्लबात ठेवलेल्या चिठ्ठीवर (त्यात शिवीचं स्पेलिंगही चुकलेलं) वाइल्डनं स्वतःहून बदनामीचा दावा ठोकला. आणि दुसरं असं, की उलटतपासणी वाचली तर लक्षात येतं, कोर्टाला खुपत होती ती पंगत. डग्लसच्या बापाचा वकील कार्सन हा वाइल्डचा डब्लिनच्या कॉलेजातला जुना सोबती. तो पुन्हा पुन्हा तेच विचारतो: हा पार्कर नोकरमाणूस आहे हे ठाऊक होतं? त्याचा भाऊ मोतद्दार आहे हे? अशा लोकांना तुम्ही शॅम्पेन पाजलीत? वाइल्ड म्हणतो, मी सामाजिक भेद मानत नाही. छान वाक्य, टाळ्यांचं. पण थोड्या वेळानं वॉल्टर ग्रेंजर या सोळा वर्षांच्या नोकर पोराचं चुंबन घेतलंत का असं विचारल्यावर तोच वाइल्ड म्हणतो, छे, तो फारच सामान्य दिसायचा. या उत्तरानं तो बुडाला असं सगळे सांगतात. मला त्या पोराचा विचार येतो. भर कोर्टात, देशभरच्या वर्तमानपत्रांत, त्याच्या वाट्याला काय आलं, तर कुरूप असल्याचा दाखला.

वाइल्डचा छळ झाला यात शंका नाही. नोव्हेंबर १८९५ मध्ये क्लॅपहॅम जंक्शनच्या फलाटावर हातकड्या घालून, कैद्याच्या कपड्यांत, त्याला अर्धा तास उभं केलं होतं आणि लोक हसत होते, हे त्याच्याच शब्दांत वाचताना आजही पोटात खड्डा पडतो. पण ते आपण वाचू शकतो, कारण तो वाइल्ड होता. टेलरकडे शब्द नव्हते. लिटल कॉलेज स्ट्रीटवरच्या त्याच्या खोल्यांचे जाड पडदे आणि तिथे जळणारा धूप, एवढंच साक्षीदारांच्या तोंडून उरलं.

लिहिता येणाऱ्यांच्याही कागदांचं काय झालं पाहा. जॉन ॲडिंग्टन सायमंड्स या लेखकानं ग्रीकांतल्या पुरुष-प्रेमावरचा प्रबंध १८८३ मध्ये छापला तो दहा प्रती. आत्मचरित्र लिहून मित्राकडे ठेवलं. मित्र वारल्यावर ते लंडन लायब्ररीकडे आलं, पन्नास वर्षं उघडायचं नाही या अटीवर. त्याचे बाकीचे कागद समीक्षक एडमंड गॉसनं, जो स्वतः त्याच वाटेचा होता आणि तसं त्यानं सायमंड्सला पत्रानं कळवलंही होतं, जाळून टाकले. आत्मचरित्र छापलं गेलं १९८४ मध्ये. शत्रूंनी खटल्याचे कागद जपून ठेवले, मित्रांनी प्रेमाचे जाळले. आपल्या हाती आलेला इतिहास या दोघांनी मिळून निवडलेला आहे. यॉर्कशरच्या ॲन लिस्टरच्या रोजनिशा वाचल्या त्या अशाच योगायोगानं: शतक संपत आलं तेव्हा तिच्या घराण्यातल्या वारसानं आणि त्याच्या मित्रानं त्यातली सांकेतिक लिपी फोडली, आत बायकांवरचं प्रेम निघालं, मित्र म्हणाला जाळ, आणि वारसानं त्या मुकाट्यानं लाकडी भिंतीमागे परत ठेवून दिल्या. लिस्टरबाईंना वाडा होता. वाड्याला पोकळ भिंत होती.

मग आजच्या सरकारनं काय करावं? इंग्लंडनं २०१७ मध्ये कायदा करून जुन्या कलमांखाली शिक्षा झालेल्या मृतांना माफी दिली. सुमारे ४९ हजार पुरुष, असा आकडा सांगितला जातो. मराठीत ‘माफी देणं’ आणि ‘माफी मागणं’ यांतला फरक शाळकरी पोराला कळतो. ज्यानं चूक केली त्यानं मागायची असते. इथे चूक करणाऱ्यानंच उदार होऊन दिली. आणि तिला अटी आहेत. दुसरी व्यक्ती सोळा वर्षांवरची आणि राजी असली पाहिजे, हे ठीकच. पण आणखी एक अट अशी, की ती कृती सार्वजनिक स्वच्छतागृहातली नसावी, कारण तो आजही गुन्हा आहे. म्हणजे ज्याला खोली होती त्याला माफी. मुतारीत पकडलेला तो साठीचा जॉर्ज रॉबर्ट्स आजही बाहेरच. वेजवुडनं १८३५ मध्ये लिहिलं तेच २०१७ च्या कायद्यात नव्या अक्षरांत उतरलं आहे. माझ्या हाती असतं तर मी माफीचा शब्दच खोडला असता आणि ते सगळे निकाल रद्द ठरवले असते, मुतारीतल्यांसकट.

आपल्याकडे त्याच घराण्यातलं कलम ३७७ १८६२ पासून लागू झालं. लंडननं स्वतःचा कायदा १९६७ मध्ये सैल केला, आपण ते २०१८ पर्यंत सांभाळलं. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ते मुळीच नाही. पण इथेही मला कायद्यापेक्षा देवास आठवतं. देवास थोरली पाती, मराठ्यांचं छोटं संस्थान, तुकोजीराव पवार महाराज, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर तिथे महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला. त्याची समलिंगी प्रेमाची कादंबरी ‘मॉरिस’ तेव्हा लिहून कपाटात पडलेली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये, छापली गेली. महाराजांना त्यानं आपलं गुपित सांगितलं. त्यांनी रागावण्याऐवजी राजवाड्यातल्या एका न्हाव्याची व्यवस्था केली. पुढे चारचौघांत बोभाटा व्हायची भीती वाटली तेव्हा फॉर्स्टरनं त्या न्हाव्याला मारलं, आणि नंतरच्या काळात त्या पोराला आपण कसं वापरलं ते त्यानं एका टिपणात लिहून ठेवलं: तो हक्क नसलेला गुलाम आणि मी जाब विचारायला कुणी नसलेला जुलमी, असं तेव्हा वाटलं. हे टिपणही त्याच्या मृत्यूनंतरच बाहेर आलं. एवढ्या प्रामाणिकपणे फार थोड्यांनी लिहिलंय, हे मान्य. पण त्या न्हाव्याच्या घरात, मराठीत किंवा माळवीत, संध्याकाळी काय बोललं गेलं असेल ते कुठल्या कपाटात ठेवलेलं नाही.

प्रॅट आणि स्मिथ साहित्यात आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. फाशीच्या आधी काही आठवडे एक तेवीस वर्षांचा वार्ताहर न्यूगेट तुरुंग पाहायला गेला होता. चार्ल्स डिकन्स. त्यावर लिहिलेला लेख त्याच्या पहिल्या पुस्तकात आहे आणि कॉलेजांत तो शैलीचा नमुना म्हणून वाचला जातो. एका लांबट खोलीत तीन कैदी. एकाची शिक्षा कमी होण्याची आशा आहे. उरलेले दोघे पलीकडच्या टोकाला. एकाची पाठ इकडे, तो शेगडीवर वाकलेला, उजवा हात वरच्या फळीवर आणि त्यावर डोकं टेकलेलं. दुसरा लांबच्या खिडकीच्या कट्ट्याला रेलून उभा, त्याच्या तोंडावर उजेड पडलेला. तुरुंगाचा शिपाई डिकन्सच्या कानाशी कुजबुजतो, की हे दोघे मेलेले आहेत. त्यांची नावं काय आणि गुन्हा कोणता, ते डिकन्स लिहीत नाही. बाहेर पडून पुढच्या कोठडीत जातो.